लोट्याचं रक्त आत्ताच काढून ठेवा

चिपळुणात माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. सकाळी सातला शटर वर जातं तेव्हा उपाशीपोटी आलेली मंडळी बाहेरच्या बाकावर बसलेली असतात. त्यांत लोटे एमआयडीसीत नव्याने कामाला लागणारी पोरं हमखास असतात. कंत्राटदाराची चिठ्ठी ठरलेली: सीबीसी, लिव्हर, किडनी, लघवी, छातीचा एक्स-रे. पोरांचं वाक्यही ठरलेलं, "मॅडम, तेवढं नॉर्मल येऊ दे, सोमवारी हजर व्हायचंय." बहुतेकांचं नॉर्मलच येतं. विशी-बाविशीतली धडधाकट पोरं, न यायला काय झालं?

मध्यंतरी एकाने रिपोर्ट हातात घेतला, खालून वर वाचला आणि विचारलं, "ह्यात ते इटलीवालं केमिकल दिसतं का हो?" त्याच्या मोबाईलवर कुणीतरी बातमी पाठवली होती. मी त्याला सरळ सांगितलं, ह्यात ते दिसत नाही. माझी यंत्रं साखर बघतात, चरबी बघतात, मूत्रपिंड दमलंय का ते सांगतात. रक्तात बाहेरून काय येऊन बसलंय हे त्यांना कळत नाही. पोरगा "बरं" म्हणाला आणि रिपोर्ट शर्टाच्या आत घालून पावसात निघून गेला. त्याचा प्रश्न मात्र रास्त होता. सरकारने त्याचं उत्तर द्यावं आणि ते देणं ज्यामुळे शक्य होईल ते काम याच वर्षी सुरू करावं, एवढ्यासाठी हा लेख आहे.

इटलीवालं केमिकल म्हणजे पीएफओए आणि त्याचा गोतावळा. पूर्ण नाव परफ्लुरोऑक्टॅनोइक ॲसिड. आठ कार्बनची साखळी आणि तिला चहूबाजूंनी चिकटलेला फ्लोरिन. कार्बन आणि फ्लोरिनचा हा बंध सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या सगळ्यांत चिवट बंधांपैकी आहे. ऊन, पाऊस, जिवाणू, आपल्या यकृतातली एन्झाइम्स, कुणालाही तो तुटत नाही. निसर्गात हा पदार्थ नव्हताच, तो दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला कारखान्यात जन्मला. टेफ्लॉन बनवताना तो वापरत. त्याचे भाऊबंद, ज्यांना एकत्रितपणे पीफास म्हणतात, डाग न पडणाऱ्या कापडात, तेल न शोषणाऱ्या कागदात, विमानतळावरच्या आग विझवणाऱ्या फेसात गेले. अशी हजारो रसायनं आहेत.

डीडीटीसारखी जुनी विषं चरबीत जाऊन बसतात. हे तसं करत नाही. ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहतं. अल्ब्युमिन ही रक्तातली एसटी समजा. औषधं, संप्रेरकं, कॅल्शियम, सगळे तिच्यात चढतात आणि आपापल्या थांब्यावर उतरतात. हा प्रवासी उतरत नाही. मूत्रपिंडाच्या थांब्यावर खाली पाय टेकवलाच तर तिथली यंत्रणा त्याला पुन्हा गाडीत बसवते. म्हणून रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच साधारण दोन ते चार वर्षं जातात, तेही नवीन काही पोटात गेलं नाही तर. बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा थोडं कमी निघतं. कारण मासिक पाळीतून, वारेतून आणि अंगावरच्या दुधातून ते बाहेर पडतं. म्हणजे आईची सुटका होते ती बाळाच्या अंगावर टाकून.

आता इटलीची गोष्ट. व्हिचेन्झा प्रांतात ट्रिसिनो नावाचं गाव आहे. तिथे मार्झोट्टो या कापडवाल्या घराण्याने १९६० च्या दशकात एक संशोधनशाळा काढली, तिचा पुढे मिटेनी नावाचा कारखाना झाला. मालक बदलत गेले, एकेकाळी मित्सुबिशीही होती. कारखान्याखालच्या जमिनीत हे पदार्थ झिरपत राहिले आणि भूजलाबरोबर व्हिचेन्झा, व्हेरोना, पादुआ या तीन प्रांतांतल्या विहिरींत पसरले. बाधित लोकसंख्या साडेतीन लाखांच्या घरात. पाण्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. २०१३ साली हे उघड झालं. तोवर तिथे दोन पिढ्या ते पाणी पिऊन मोठ्या झाल्या होत्या.

२०१७ पासून तिथल्या सरकारने लोकांचं रक्त तपासायला घेतलं. पहिल्या फेरीतल्या १८,३४५ जणांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आहेत. वय १४ ते ३९. पीएफओएचं मध्यक प्रमाण मिलिलिटरमागे ४४.४ नॅनोग्रॅम. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०२२ साली डॉक्टरांसाठी जी मार्गदर्शिका काढली तिच्यात या सगळ्या गोतावळ्याची मिळून बेरीज २० च्या वर गेली तर जास्त लक्ष द्या असं म्हटलं आहे. इथे एकट्या पीएफओएचा आकडा त्याच्या दुप्पट. मुलांचे रिपोर्ट हातात आल्यावर तिथल्या आया रस्त्यावर उतरल्या, 'मामे नो पीफास' नावाने त्यांनी संघटना बांधली. मिटेनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि २६ जून २०२५ रोजी व्हिचेन्झाच्या न्यायालयाने ११ जणांना मिळून १४१ वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा सुनावली.

या मिटेनीची यंत्रसामग्री लिलावात निघाली. मुंबईच्या लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीजच्या उपकंपनीने ती घेतली, उघडलेली यंत्रं जहाजाने आली आणि आमच्या लोट्यात उभी राहिली. यात लपवाछपवी काही नाही, कंपनीने भागधारकांना हे स्वतःच सांगितलेलं आहे. तिने काही सांडलं, काही मुरवलं असा माझा आरोप नाही. ट्रिसिनोत जे घडलं ते लोट्यात घडेलच असंही मी म्हणणार नाही. यंत्र तेच असलं तरी त्यातून काय बनवायचं आणि सांडपाण्याचं काय करायचं हे चालवणाऱ्यावर असतं. माझा मुद्दा साधा आहे. आज लोट्याच्या आसपासच्या माणसांच्या रक्तात या पदार्थांचं प्रमाण किती आहे याची नोंद कुठेही नसेल, तर वीस वर्षांनी कुणी काहीही म्हटलं तरी ते खरं की खोटं हे ठरवता येणार नाही. कंपनीलाही नाही आणि गावालाही नाही.

हे मी हवेत बोलत नाही. अमेरिकेत थ्रीएम कंपनीत क्रिस हॅन्सन नावाच्या रसायनशास्त्रज्ञ होत्या. १९९७ साली त्यांना काम मिळालं: कारखान्यातल्या कामगारांच्या रक्तात पीएफओएस हे भावंड मोजताना बाहेरच्या एका प्रयोगशाळेला तुलनेसाठी घेतलेल्या रक्तपेढीतल्या सर्वसामान्यांच्या रक्तातही ते दिसलंय, त्यांची चूक तर नाही ना ते बघा. बाईंनी तपासलेल्या पेढीतल्या रक्तातही ते निघालं. दुसऱ्या पेढीतलं आणलं, त्यातही निघालं. बाईंना वाटलं यंत्रच बिघडलंय. यंत्र ठीक होतं, रक्तच सगळीकडचं तसं झालेलं होतं. शेवटी ज्यात हा पदार्थ नाही असं रक्त सापडलं ते लष्कराने कोरियन युद्धाच्या काळात साठवून ठेवलेल्या सैनिकांच्या नमुन्यांत. ते साठवलं होतं भलत्याच कामासाठी. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी कुप्यांवर चिठ्ठ्या डकवून त्या शीतपेटीत ठेवल्या नसत्या तर आधी रक्त कसं होतं हे सांगायला पुरावाच उरला नसता.

वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गची गोष्ट याच्या उलट टोकाची. तिथे ड्यूपाँटच्या कारखान्यातलं पीएफओए ओहायो नदीकाठच्या पाण्यात गेलं, एका शेतकऱ्याची गाई-वासरं मेली, त्याने वकील गाठला आणि तडजोडीच्या पैशातून २००५-०६ मध्ये जवळपास ६९ हजार लोकांनी रक्त दिलं. मध्यक आकडा २८ निघाला; बाकी अमेरिकेत तेव्हा तो चार-पाच होता. रोगांशी संबंध तपासायला तीन साथरोगतज्ज्ञांची समिती नेमली. तिला निर्णय द्यायला २०१२ उजाडलं: मूत्रपिंडाचा कर्करोग, वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, वाढलेलं कोलेस्टेरॉल, आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि गरोदरपणातला रक्तदाब, या सहांशी संबंध असण्याची शक्यता जास्त. रक्त देऊनही इतकी वर्षं का लागली? कारण आधीचं रक्त नव्हतं. पन्नास वर्षांत कोण किती पाणी प्यालं, कुठल्या गावात किती वर्षं राहिलं, याचा हिशोब कागदावर मांडून मागे मागे जावं लागलं. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने पीएफओए मानवी कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं, तंबाखू आणि ॲस्बेस्टॉसच्या पंगतीत.

आपली बाजू यात एका अर्थाने बरी आहे, आणि हेच मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. कुरुंथाचलम कन्नन या मूळच्या तामिळनाडूतल्या शास्त्रज्ञांनी २००४ साली नऊ देशांतल्या ४७३ माणसांच्या रक्ताचा अभ्यास छापला. पीएफओएस सर्वांत जास्त अमेरिका आणि पोलंडमध्ये, सर्वांत कमी भारतात. २००८ मध्ये आशियाई देशांतल्या आईच्या दुधाची तुलना झाली, त्यातही भारत तळाला. त्यानंतर पुष्कळ पाणी वाहून गेलं आहे, आपणही नॉनस्टिक तवे आणि पावसाळी जाकिटं घेतली. तरीही जगातल्या बहुतेक देशांना जे गमावून बसल्यावर कळलं ते आपल्याला अजून गमवायचं आहे. कोरियन युद्धातल्या सैनिकांची कुपी शोधत फिरायची वेळ आपल्यावर यायला नको.

आणि रक्तातली ही रसायनं मोजणं आपल्याला जमत नाही असंही नाही. २०१० साली युरोपने आपली द्राक्षं क्लोरमेक्वॅट या वाढरोधकाच्या अंशापायी अडवली, नाशिक-सांगलीचा बागायतदार रडकुंडीला आला. आज पुण्याजवळ मांजरीला द्राक्ष संशोधन केंद्राची संदर्भ प्रयोगशाळा आहे; निर्यातीच्या घडाची बाग कुठली, नमुना कधी घेतला, कशाचा अंश किती, सगळं नोंदवलं जातं. त्यासाठी लागतात तीच एलसीएमएस जातीची यंत्रं रक्तातलं पीएफओए मोजायला लागतात. जर्मनीतल्या टेबलावरचा घड आपण अब्जांश भागापर्यंत तपासून देतो. तोडणाऱ्याचं रक्त तपासायचं म्हटलं की पैसे नसतात.

कायद्याचं म्हणाल तर फारसं काही हाती लागत नाही. निसर्गात न मोडणाऱ्या विषारी रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत पीएफओएस २००९ साली, पीएफओए २०१९ साली आलं. भारताने करार २००६ मध्ये मान्य केला, पण नंतर यादीत आलेलं रसायन आपल्याला आपोआप लागू होत नाही, दरवेळी वेगळी संमती द्यावी लागते. २०२० मध्ये मंत्रिमंडळाने सात रसायनांना मान्यता दिली, त्यांत हे नव्हतं. पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक आयएस १०५०० आहे, त्यात शिसं आहे, आर्सेनिक आहे, कीटकनाशकं आहेत, पीफास नाही. अमेरिकेने २०२४ मध्ये पीएफओएची मर्यादा लिटरला चार नॅनोग्रॅम ठरवली. आमच्याकडे मर्यादाच नाही, मग ओलांडली कुणी म्हणायचं?

लोट्याचं सांडपाणी एकत्रित प्रक्रिया केंद्रातून दाभोळ खाडीकडे जातं. खाडीतल्या भोई मंडळींच्या तक्रारी नव्या नाहीत, मेलेली मासळी किनाऱ्याला लागल्याच्या बातम्या आम्ही वर्षानुवर्षं वाचतो. प्रदूषण मंडळ नमुने नेतं, पाण्यातला सेंद्रिय भार सांगणारे सीओडी-बीओडी मोजतं. पीफास या दोन्ही आकड्यांत दिसत नाही आणि जिवाणूंच्या टाकीत मोडतही नाही. जसं आत गेलं तसं बाहेर येतं.

माझ्या या म्हणण्यावर पहिला आक्षेप माझ्याच लॅबमध्ये आला. धामणदिवीकडच्या एक काकू दर तीन महिन्यांनी साखर तपासायला येतात. त्यांना मी हे बोलून दाखवलं तर म्हणाल्या, "बाई, नको ते काढू नका. गावातल्या पोरींची लग्नं जमायची नाहीत." मी हसले नाही. उद्या पेपरात अमुक गावाच्या रक्तात विष अशी बातमी आली तर मुंबईतलं स्थळ खरोखर फिरेल. त्यांचा धाकटा लोट्यात ऑपरेटर आहे. कंपनी बंद पडली तर तो पुन्हा विरारच्या लोकलला लटकणार, हेही त्यांच्या मनात असणार. कारखाने नकोत म्हणणाऱ्यांतली मी नाही. लोटे नसतं तर या पट्ट्यात म्हातारी माणसं आणि गणपतीला येणारे चाकरमानी एवढेच उरले असते.

म्हणूनच मी तपासा असं म्हणत नाही, आधी साठवा असं म्हणते. या दोन्हींत फरक आहे. साठवलेल्या कुपीवर नाव नसतं, सांकेतिक क्रमांक असतो. त्याची किल्ली नैतिकता समितीकडे राहते आणि ती उघडायची कधी, कुणासाठी, हे संमतीपत्रात आधीच लिहिता येतं. ज्याला आपला आकडा हवा त्याला तो मिळेल, ज्याला नको त्याला कुणी सांगायला जाणार नाही. गावनिहाय आकडे छापायचे की तालुकानिहाय, हेही ठरवता येतं.

दुसरा आक्षेप डॉक्टर मित्रांचा: कळून उपयोग काय, औषध तर नाही. औषध नाही हे खरं. पण ज्याचा आकडा मोठा त्याचं कोलेस्टेरॉल, थायरॉइड, मूत्रपिंड दरवर्षी बघता येतं, गरोदर बाईचा रक्तदाब जास्त काळजीने मोजता येतो. ऑस्ट्रेलियात २८५ अग्निशमन जवानांवर प्रयोग झाला, त्यांतल्या वर्षभर ठरावीक दिवसांनी प्लाझ्मा दान करणाऱ्यांच्या रक्तातलं पीएफओएस लक्षणीय उतरलं. सगळ्यांत मोठा उपयोग तर पाण्याचा: रक्तातला आकडा चढताना दिसला की विहीर बंद करता येते. ट्रिसिनोच्या आसपास विहिरींवर कोळशाचे फिल्टर बसवायला पाण्याचा रिपोर्ट पुरला, पण तो रिपोर्ट पन्नास वर्षं उशिरा आला.

काम किती आहे तेही सांगते. रक्त काढायचं, लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये अर्धा तास गोठू द्यायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये दहा मिनिटं फिरवायचं. वर पिवळसर सीरम सुटतं ते अलगद ओढून पॉलिप्रॉपिलीनच्या कुप्यांत भरायचं. झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर असलेली कुपी मात्र नको, नाहीतर जे शोधायचं तेच आपण बाहेरून घालून बसू. मग उणे ऐंशी अंशाला ठेवून द्यायचं. जो चिवटपणा माणसाला भोवतो तोच इथे कामाला येतो; हा पदार्थ गोठलेल्या सीरममध्ये वर्षानुवर्षं मोडत नाही. लोटे, घाणेखुंट, आवाशी, धामणदिवी, खाली करंबवणे, इथून पाचशे माणसं घ्या; त्यांत कामगार, गृहिणी, खाडीवरचे मच्छीमार सगळे हवेत. तुलनेला मंडणगड किंवा गुहागरची पाचशे. त्याच दिवशी त्याच वाडीतल्या विहिरीचं, बोअरचं पाणी. दर पाच वर्षांनी पुन्हा.

ठेवायचं कुठे? चिपळुणात बाजारपेठेत नको एवढं मी अनुभवाने सांगते. २२ जुलै २०२१ च्या पुरात माझा फ्रीज छताला टेकला होता. रत्नागिरीला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, एक संच तिथे ठेवा आणि दुसरा पुण्यात, कारण कोकणातल्या विजेवर वीस वर्षांचा भरवसा ठेवणं शहाणपणाचं नाही. खर्च कारखानदारांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून करायला हरकत नाही, फक्त कुप्या आणि किल्ली त्यांच्या हाती नकोत. खरं तर ही मागणी कंपन्यांनीच करायला हवी. ज्याला आपल्या कारभाराची खात्री आहे त्याला आधीचं रक्त हा सगळ्यांत मोठा बचाव आहे.

लोटे पंचक्रोशीतल्या सरपंचांना माझी विनंती आहे. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा: आमच्या संमतीने, आमची नावं गुप्त ठेवून, आमच्या रक्ताचे आणि पाण्याचे नमुने शासनाने घ्यावेत आणि जतन करावेत. ठरावाची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक जिल्हा शल्यचिकित्सकांना, एक प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि एक आमदारांना द्या, पोच घ्या. रक्त काढायला माणसं कमी पडली तर मला निरोप पाठवा. रविवारी माझी लॅब बंद असते, मी आणि माझ्या दोघी टेक्निशियन येऊ.